कुळाचा मेळा आणि गोपाळांचा खेळ

॥ राम कृष्ण हरि ॥



मार्गशीर्ष सरत आला म्हणजे आमच्या नांदेड-लातूर भागातील माणसांची पावले आपोआप गावाकडे वळतात. वद्य चतुर्दशीला लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाची देवस्वारी निघून यात्रा भरते, आणि लगोलग अमावस्येला लातूर जिल्ह्यात, धाराशिवकडे व नांदेडच्या लागून असलेल्या शिवारांत वेळा अमावस्या येते. आमच्या माणसांच्या तोंडी ती 'येळवस'. कर्नाटकाच्या सीमेवरील बिदर-कलबुर्गीकडेही ती पाळतात. त्या दिवशी लातूरची बाजारपेठ ओस पडते, जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात, आणि अवघे शहर शेतावर जाते. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला आपल्याकडे बोलावतो. त्या दिवशी उपाशी परतणारा मनुष्य आम्ही तरी पाहिला नाही.

शेतात कडब्याची कोप उभी करतात. आत पाच दगड चुन्याने रंगवून मांडतात. ते पाच पांडव. त्यांची पूजा होते, नव्या बिंदगीतील आंबील पिकावर शिंपडत शेताला फेरी घालतात, आणि मग भज्जी, उंडे, आंबील, खीर असा नैवेद्य होऊन पंगत बसते. पुण्याहून, मुंबईहून, हैदराबादेहून मुले-सुना येतात, लेकी-जावई येतात. एरवी लग्नात किंवा तेराव्यालाच भेटणारे कूळ या एका दिवशी विनाकारण भेटते. विनाकारण भेटणे हीच त्या दिवसाची थोरवी होय.

आता विषय असा. दरवर्षी या सुमारास पुष्कळ गृहस्थ आम्हांस एकच गोष्ट विचारतात. "महाराज, औंदा समदे पोरं येलालेत. जेवणाचं तर बघतील बाया. पण जेवल्यावर काय करायचं?" प्रश्न दिसायला लहान आहे. पण विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिले की कळते, त्यात भीती आहे. कारण जेवण झाल्यावर काय होते हे त्याला ठाऊक असते. एक जण मोबाईल घेऊन बाभळीखाली आडवा होतो. चौघे पत्ते मांडतात आणि हळूच पैसे लावतात. दोघे तिघे कोपीमागे बाटली घेऊन जातात. बाया भांडी घासतात. लेकरे कंटाळून रडतात. आणि तिसऱ्या प्रहरी कोणी तरी बांधाची गोष्ट काढतो. वर्षभराने जमलेले कूळ दिवेलागणीला एकमेकांची तोंडे न पाहता गाडीत बसते.

म्हणून आजच्या चिंतनाला हाच विषय घेतला आहे: कुळाच्या मेळ्यात काय खेळावे, आणि ते आधी कसे ठरवावे.

येथे कोणी शंका घेईल की, महाराजांनी नामाविषयी बोलावे, विठोबाविषयी बोलावे. खेळाविषयी काय बोलतात? खेळ हा लेकरांचा विषय आहे. या शंकेचे समाधान आमच्या संप्रदायातच आहे. आषाढीच्या वाटेवर माउलींच्या पालखीचे रिंगण होते, अश्व धावतो, आणि मग उडीचे खेळ मांडले जातात. पखवाजाच्या बोलावर पावली चालते. सत्तरीचे वारकरी फुगडी घालतात, हुतूतू खेळतात. तुकोबारायांच्या गाथेत चेंडूफळी आहे, विटीदांडू आहे, हमामा आहे, फुगडी आहे. आमच्याच मराठवाड्यातील पैठणच्या नाथमहाराजांनी फुगडी-पिंग्यावर भारुडे रचली. आणि शास्त्राकडे पाहाल तर ब्रह्मसूत्रांनी, दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात, भगवंताने सृष्टी का निर्माण केली याचे उत्तर 'लीला' या एका शब्दात दिले आहे. ज्याला काही मिळवायचे नाही त्याची क्रिया ती लीला. मग जो खेळ काही मिळवण्यासाठी नाही, तो परमार्थाच्या बाहेरचा कसा म्हणावा? बाहेरचा तो, ज्यात पण लागतो. या 'पण'कडेच आता आपण वळू.

कोपीतल्या त्या पाच दगडांकडे नीट पाहा. ते कोण आहेत? ज्यांचे घर कुळाच्या एका मेळ्यात, एका खेळाने उद्ध्वस्त झाले, तेच हे पाच भाऊ. महाभारताचे सभापर्व उघडा. धृतराष्ट्राने विदुराला इंद्रप्रस्थी पाठवले. निरोप कोणता होता? युद्धाचा नव्हे, वाटणीचाही नव्हे. तुम्ही भाऊभाऊ या, नवी सभा बांधली आहे ती पाहा, आणि आपण सुहृद्द्यूत मांडू. शब्द ध्यानात घ्या: सुहृद्द्यूत, म्हणजे मित्रामित्रांतला, स्नेहाचा जुगार. आजच्या भाषेत सांगायचे तर, सगळे या, बसू, गंमत करू. धर्मराज नको म्हणू शकला नाही, कारण बोलावणे वडीलधाऱ्याचे होते.

पुढे काय झाले ते लहान मुलालाही ठाऊक आहे. परंतु मेळा बिघडला तो कोणत्या चार जागी, ते मोजून घ्यावे. पहिली जागा: खेळाला पण लागला. दुसरी: दुर्योधन स्वतः खेळला नाही, त्याच्या जागी शकुनी बसला. म्हणजे ज्याला घरच्यांशी खेळायचेच नव्हते, केवळ जिंकायचे होते, त्याने आपला हात दुसऱ्याला दिला. तिसरी जागा: खेळ हाताबाहेर जाताना थोर माणसे गप्प राहिली. विदुर बोलला, त्याचे कोणी ऐकले नाही. दुर्योधनाचा धाकटा भाऊ विकर्ण उठून बोलला, त्याला कर्णाने खाली बसवले. भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म आहे असे सांगितले आणि ते बसून राहिले. चौथी जागा: घरातली सून, जिला त्या खेळात कोणी बोलावले नव्हते, तीच शेवटी त्या खेळाची किंमत भरण्यासाठी सभेत ओढून आणली गेली.

दुसरी कथा यादवांची. प्रभासक्षेत्री अवघे कूळ जमले होते. तीर्थ होते, मेजवानी होती. मद्य प्याले, जुन्या लढाईचे उणेदुणे निघाले, आणि हाताला लागलेल्या लव्हाळ्याने भावाने भावाला मारले. एका दिवसात कूळ संपले. प्रत्यक्ष भगवंत त्या कुळात होते, तरी संपले! मग आपल्या कोपीमागची बाटली आपल्याला सोडील, असे कोणी समजू नये.

आता दुसऱ्या बाजूला पाहा. भागवताच्या दशमस्कंधात, तेराव्या अध्यायात, वनभोजन आहे. गोपाळांनी शिदोऱ्या सोडल्या. कोणी फुलाचे ताट केले, कोणी पानाचे, कोणी सालीचे, कोणी दगडावरच वाढून घेतले. सगळे कृष्णाभोवती कडे करून बसले, कमळाच्या पाकळ्या बसाव्या तसे. प्रत्येकाला वाटे, देव माझ्याकडेच तोंड करून बसला आहे. आपल्या शिदोरीची चव दुसऱ्याला दाखवून ते हसत होते. यालाच आम्ही काला म्हणतो. आमच्या काल्याच्या कीर्तनात पेंद्या येतो. पेंद्या पायाने अधू, बोलायला बोबडा. पण काला त्याच्यावाचून होत नाही. ज्याला पळता येत नाही तो ज्या खेळात आहे, तोच गोपाळांचा खेळ.

त्याच स्कंधाच्या अठराव्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे. ती घराघरातल्या कर्त्या पुरुषाने मनात धरावी. गोपाळांनी दोन गट पाडले. एकाचा नायक कृष्ण, दुसऱ्याचा बळिराम. नियम असा की हरलेल्याने जिंकलेल्याला पाठीवर घेऊन भांडीर वटापर्यंत न्यायचे. आणि कृष्ण हरला! त्याने श्रीदाम्याला पाठीवर घेतले. अहो, ज्याच्या पाठीवर चौदा भुवने, त्याच्या पाठीवर गवळ्याचे पोर! हरल्यावर त्याने नियम बदलला नाही, 'मी कोण' हे सांगितले नाही, रुसून घरी गेला नाही. तो नियम तेवढा खेळाचा ठेवला, कारण देवाला खेळायचे होते, जिंकायचे नव्हते.

हस्तिनापूरच्या सभेत थोरांना हरायचे नव्हते, म्हणून घर गेले. भांडीरवनात थोर हसत हरला, म्हणून कडे टिकले. एवढा एकच भेद.

याला आमच्या पाहण्यातला एक दृष्टांत देतो. लातूरकडील एका गावी दोन भावांची वाटणी झाली होती. जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, आणि येळवसही वाटली. एका बांधाच्या दोन बाजूंना दोन कोपी. पाच पांडव इकडेही आणि पाच पांडव तिकडेही. आई म्हातारी, दोघांची एकच. तिने कोणत्या कोपीत जेवावे? ती आधी थोरल्याकडे बसून दोन घास खाई, मग काठी टेकीत बांध ओलांडून धाकट्याकडे दोन घास खाई. दोन्हीकडे 'पोट भरलं बाबा' म्हणे. कोणीतरी विचारले, "आजी, खरंच भरलं का?" तर म्हणाली, "अर्ध्या अर्ध्या घासानं कुनाचं भरतंय व्हय? पर दोघांचं मन भरलं पायजे."

आम्हांस त्या वर्षी तेथे जेवायचे बोलावणे होते. दुपारी लेकरांनी विटीदांडू मांडला. विटी उडून बांधापलीकडे गेली. ती आणायला पोर गेले, ते तिकडच्या पोरांत मिसळले. विटी परत परत जायची, आणि प्रत्येक वेळी इकडचे एक पोर तिकडे राहायचे. शेवटी मोठ्यांना पोरे शोधीत बांधावर यावेच लागले. तेथे धाकट्याच्या मुलीने थोरल्याला धरले, "काका, तुमच्यावर राज्य." थोरला पन्नाशीचा, कमरेला धोतर, सगळे थांबून पाहू लागले. त्याने दांडू घेतला, पहिलाच टोला हुकला, आणि धाकटा भाऊ मोठ्याने हसला. थोरलाही हसला. बोलणे नंतर झाले; हसणे आधी झाले. वाटणी काही मोडली नाही, ती मोडायचे कारणही नव्हते. पण पुढच्या येळवशीला कोप एक होती, आणि म्हातारी एका जागी बसून पोटभर जेवली.

श्रोतेहो, यात कोणाचे भाषण नाही, पंचांची बैठक नाही, आमचा उपदेशही नाही. एका विटीने ते केले. पण विटी दरवर्षी आपोआप उडत नाही. म्हणून आधी थोडे ठरवावे लागते. कसे ठरवावे ते सांगतो.

प्रथम, ठरवायला कोणाला बसवावे? ज्यांच्या वाट्याला त्या दिवशी काम येते त्यांना. येळवशीच्या आदल्या रात्री घरोघर बाया मध्यरात्रीपासून चुलीपाशी असतात. भज्जीचे निवडणे, उंडे, पोळ्या, आंबिलीचे ताक; उजाडेपर्यंत पाठ टेकत नाही. दुसऱ्या दिवशी गंमत म्हणतो ती सगळी पुरुषांची आणि पोरांची. असा मेळा अर्ध्या कुळाचा झाला. म्हणून स्वयंपाक बायांनी केला तर वाढणे, भांडी आणि पाणी पुरुषांनी घ्यावे. यात लाज कसली? गावच्या सप्ताहात हजाराची पंगत पुरुषच वाढतात ना? तेथे कंबरेला पंचा बांधून वरणाची बादली घेऊन धावतो तोच गृहस्थ घरच्या पंगतीत 'पाणी आण' म्हणून बसून राहतो, हे वारकऱ्याला शोभत नाही. दुपारच्या खेळात पहिला डाव सुनांचा असावा. द्रौपदीला सभेत कोणी विचारले नव्हते. आपल्या मेळ्यात आधी तिला विचारावे.

दुसरे, गट घराप्रमाणे पाडू नयेत. थोरल्याचे एका बाजूला आणि धाकट्याचे दुसऱ्या बाजूला उभे केले, म्हणजे खेळाच्या नावाने जुनी वाटणीच समोरासमोर उभी राहिली. चिठ्ठ्या टाकाव्या. प्रत्येक गटात एक म्हातारे माणूस, एक लेकरू, एक सून, एक जावई, एक शहरातला आणि एक गावातला येईल असे पाहावे. काका-पुतण्या एका बाजूने ओरडू लागले की मागचे पुष्कळ विसरते.

तिसरे, खेळ असे निवडावे की पेंद्याला जागा राहील. लंगडी, लगोरी, सूरपारंब्या हे पळणाऱ्यांचे झाले. ज्यांचे गुडघे गेले त्यांच्यासाठी भेंड्या आहेत, कोडी आहेत, नाव घेणे आहे. आजीला जात्यावरच्या ओव्या येतात. त्या तिने म्हणाव्या, आणि नातवाने आपल्या मोबाईलवर त्या धरून ठेवाव्या. मोबाईल हिसकावून घेऊ नका, त्याला काम द्या. आजोबांना पोरांपुढे घालून शेताची फेरी करवावी: या तुकड्याचे नाव काय, हा आंबा कोणी लावला, विहिरीला पाणी कोणत्या साली लागले, दुष्काळात कोण कोठे गेले. मग संध्याकाळी पोरांना तेच विचारावे, आणि ज्या गटाला अधिक नावे आठवतील तो जिंकला. या खेळात म्हातारा जिंकवणारा होतो. एरवी खाटेवर अडगळ वाटणारा मनुष्य त्या दिवशी सगळ्यांना हवा असतो.

चौथे, आणि हे आम्ही कळकळीने सांगतो. फुगडी, पिंगा, झोका मांडाल तेव्हा जिचे कुंकू गेले आहे त्या भावजयीकडे पाहा. ती भांडी घासण्याच्या निमित्ताने बाजूला जाते. तिला कोणी हाकलत नाही. पण कोणी बोलावतही नाही. थोरल्या जावेने उठून तिचा हात धरावा आणि पहिली फुगडी तिच्याशी घालावी. वारीच्या वाटेवर फुगडी घालताना कोणी कोणाचे कपाळ पाहते काय? मग घरी का पाहावे?

पाचवे, पण लावू नये. एक रुपयाचाही नको. बक्षीस ठेवायचेच तर असे ठेवावे की ते वाटूनच खावे लागेल: उसाची मोळी, हरभऱ्याचे डहाळे, बोरांची पाटी. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला पाठीवर घेऊन कोपीला एक फेरी घालावी. आणि कुळातल्या सर्वांत मानाच्या माणसाने निदान एकदा हरावे. मुद्दाम हरलात हे लेकरांना कळले तरी चालेल. मोठा माणूस हरून हसू शकतो, हे पाहणे त्यांना जन्मभर पुरते.

सहावे, जमीन, कोर्ट, देणे-घेणे यांची गोष्ट त्या दिवशी निघू नये, आणि निघाली तर थोरांनी भीष्मांसारखे बसून राहू नये. तेथल्या तेथे म्हणावे, "ते उद्या. आज येळवस आहे." दारूचेही तसेच. घरातला धाकटा विकर्णासारखा उठून 'हे नको' म्हणाला, तर त्याला खाली बसवू नका; त्याच्या मागे उभे राहा.

आणि शेवट भजनाने व्हावा. चार अभंग, एक पावली. टाळ नसला तर टाळ्या आहेत. कडे करून उभे राहावे, आणि मग सभोवार नजर फिरवून एक पाहावे: कड्याच्या बाहेर कोण उरले? तीच तुमच्या मेळ्याची परीक्षा. किती खेळ झाले, कोण जिंकले, फोटो किती निघाले, हे विठोबा विचारीत नाही.

कोणी म्हणतो, "औंदा जमलं नाही महाराज, फुडच्या वर्षी बघू. औंदा भावाशी बोलणं नाही, फुडच्या वर्षी बोलू." अशांना आम्ही एकच आठवण देतो. १९९३ सालच्या सप्टेंबरची २९ तारीख अनंत चतुर्दशीची होती. किल्लारीच्या आसपासच्या गावांत गणपती बोळवून माणसे दमून निजली. ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली, आणि दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसे गेली. त्यात भाऊ होते, भावजया होत्या, आणि 'फुडच्या वर्षी बोलू' असे ठरवून ठेवलेली माणसेही असतील. साडेतीन महिन्यांनी येळवस आलीच. अमावस्या कोणासाठी थांबत नाही. ज्यांची माणसे गेली त्यांना विचारा, की बांधाची हातभर माती मोठी की बांधापलीकडून येणारी हाक मोठी.

म्हणून, सज्जनहो, यंदा कोप उभी कराल तेव्हा पांडव मांडताना मनात एवढे आणा. हे पाच जण कुळाच्या एका मेळ्याने देशोधडीला लागले. त्यांना आपल्या मेळ्यात बसवून आपण पुन्हा तोच खेळ त्यांच्या डोळ्यांदेखत मांडायचा काय? त्यापेक्षा गोपाळांचा खेळ मांडा. ज्याच्या शिदोरीत जे असेल ते एकत्र कालवा. पळणारा पळो, बसणारा ओव्या गावो, हरणारा पाठ देवो. ज्या कड्यात कोणी बाहेर उरत नाही, त्या कड्याच्या मध्यभागी तो विटेवरचा आपणहून येऊन उभा राहतो. त्याला वेगळे बोलावणे लागत नाही.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!